फादर बूसा आणि शब्दांची गणना

एकेका शब्दाचा हिशेब ठेवण्यांत कोणी आपलें आयुष्य वेंचिलें असें सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल. परंतु इटालींतील येशूसंघीय धर्मगुरु फादर रोबेर्तो बूसा (१९१३–२०११) यांनीं हेंच केलें. छापील ग्रंथ यंत्रांत उतरवून अभ्यासण्याची जी विद्या आज जगभर रूढ आहे, तिच्या आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना होते.

संत थॉमस अक्वायनस यांच्या लेखनांतील 'सान्निध्य' या कल्पनेचा शोध घेतांना फादरांस आढळलें कीं, तिचें मर्म मोठमोठ्या शब्दांत नसून लॅटिनमधील 'इन', म्हणजे आपल्या 'मध्यें', या इवल्याशा शब्दांत दडलें आहे. त्यासाठीं त्यांनीं सुमारें १०,००० चिठ्ठ्या हातानें लिहिल्या. पण एक कोटीच्या घरांतील शब्द एकट्यानें कसे टिपावे? १९४९ सालीं न्यूयॉर्क येथें त्यांनीं आय.बी.एम. कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांजकडे साह्य मागितलें, आणि तें मिळालें.

गाल्लाराते गांवीं छापील मजकूर भोकें पाडलेल्या कार्डांवर उतरूं लागला. हें काम मुख्यतः तरुण मुलींनीं केलें. एकीनें उतरविलेलें दुसरीनें पडताळावें, अशी रीत होती. त्यांपैकीं बहुतेकींचीं नांवें दीर्घकाळ कोणास ठाऊक नव्हतीं. यंत्र शब्द वर्णानुक्रमें लावी. पण 'देवानें', 'देवास', 'देवाचा' हीं एकाच 'देव' शब्दाचीं रूपें होत, हें त्यास कोठून कळावें? लॅटिनमध्येंही हाच प्रकार. प्रत्येक रूपास मूळ शब्दाची खूण माणसांनींच विचारपूर्वक ठरविली. अखेर १९७४ ते १९८० या काळांत 'इंडेक्स थोमिस्तिकुस' ५६ खंडांत छापून निघाला. २००५ पासून तो इंटरनेटवरही आला.

ही गोष्ट आपणांस परकी नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' गोव्यांत १६१६, १६४९ व १६५४ या सालीं छापलें गेलें. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाहीं. तें पुराण तरलें तें भाविकांनीं हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळें. छापलें म्हणजे टिकलें, असें नव्हे.

म्हणून, प्रिय बंधुभगिनींनो, घरच्या पेटींत आजीचें जुनें प्रार्थनापुस्तक असेल, तर तें वाळवीच्या हवालीं करूं नका. त्याच्या पानांचीं छायाचित्रें घ्या, मजकूर अक्षरशः उतरवा, आणि एकानें उतरविलेलें दुसऱ्यानें पडताळा. पूर्वजांची वाणी पुढील पिढीच्या हातीं अशानेंच सुखरूप पोंचेल.