साखळी वाढताना पाहण्याची कुळकथा

खापर गावावरून जाणारा हमरस्ता पश्चिमेला अंकलेश्वरच्या रासायनिक कारखान्यांकडे निघतो. पण रसायनशास्त्र इथल्या शेतातही आहे: तिथे अंथरलेली ठिबकची नळी पॉलिथिनची, म्हणजे पॉलिमरची. सातपुड्यातल्या धावड्याचा डिंकही पॉलिमरच. दोन्ही लहान रेणूंच्या लांबलचक साखळ्या. १९२० साली हेरमान श्टाउडिंगर यांनी हे मांडले, तेव्हा अनेक रसायनशास्त्रज्ञांना ते पटले नाही. श्टाउडिंगर यांना नोबेल मिळाले ते १९५३ मध्ये. तरीही एखादी साखळी वाढताना कोणी पाहिली नव्हती. असंख्य साखळ्यांची सरासरी तेवढी हाती येई.

पाहण्याची युक्ती आली डीएनएच्या अभ्यासातून. १९९२ मध्ये अमेरिकेत कार्लोस बुस्तामांते आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या एकाच रेणूचे एक टोक काचेला आणि दुसरे चुंबकीय मण्याला जोडले, मणी ओढला आणि सूक्ष्मदर्शकातून त्याची हालचाल टिपली. रेणू दिसत नाही, मणी दिसतो. इतकी साधी आणि इतकी सुंदर युक्ती विज्ञानात क्वचितच सापडते.

रेणू पाहण्याच्या वेगाची बाजू वेगळ्या वाटेने जपानमध्ये पुढे गेली. कानाझावा विद्यापीठातल्या तोशिओ आंदो यांच्या गटाने २००१ मध्ये सुईने चाचपून पाहणारा सूक्ष्मदर्शक इतका जलद केला, की एक चित्र ८० मिलिसेकंदांत उमटू लागले.

२०१७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात पेंग चेन आणि सहकाऱ्यांनी मण्याची युक्ती कृत्रिम पॉलिमरला लावली. कड्या जोडणारा उत्प्रेरक होता रॉबर्ट ग्रब्ज यांच्या घराण्यातला. ग्रब्ज यांना २००५ चे नोबेल मिळालेले. साखळी वाढेल तसा मणी सावकाश सरकत जाईल, अशी कोणाचीही अपेक्षा असती. तसे झाले नाही. मणी थांबे आणि मग एकदम उडी घेई. नव्याने जोडलेल्या कड्या केसांच्या गुंत्यासारख्या गोळा होऊन बसत आणि तो गुंता अचानक सुटे. वाढीचा वेग ठरवण्यात या गुंत्याचा वाटा असावा आणि एका साखळीचा वेग दुसरीपेक्षा वेगळा का, याचे उत्तरही त्याच्या ठेवणीत असावे, असे त्यांना वाटले. सरासरीत या उड्या बुडून जातात. कॅमेरा मंद असता तर त्या सरळ चढासारख्या भासल्या असत्या.

अक्कलकुवा-तळोद्याकडच्या विज्ञानाच्या मुलामुलींनो, रसायनशास्त्र घ्याल तेव्हा भौतिकशास्त्र सोडू नका. पॉलिमरची ही गोष्ट चुंबक, मणी आणि भिंग यांच्याशिवाय कळली नसती.