धुळ्याला पोस्टिंग आलंय. जाऊ का?

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. एका सरकारी बँकेत अधिकारी म्हणून लागलीय, ट्रेनिंग संपलं आणि पोस्टिंग हातात पडलं : धुळे. पोरगी पुण्यात वाढलेली. मैत्रिणींनी पहिल्या तासाभरातच ऐकवलं, "धुळे? तिथे दंगली होतात ना?" एकीने ४४ डिग्रीचा स्क्रीनशॉट टाकला. ऑफिसातल्या एका सिनिअरने "काळ्या पाण्यावर चाललीस" म्हणून हात मिळवला. "राजीनामा टाक, दुसरी परीक्षा दे," असाही सल्ला आला.

"मामा, तू खरं सांग. जाऊ का?"

मी जळगावात राहतो, जन्म आणि शिक्षण धुळ्याचं. म्हणजे तिने विचारायला बरोबर माणूस गाठला होता. पण मी काही बोलायच्या आत मागून ताईचा आवाज आला. "तठे कसाले?" तीस वर्षं पुण्यात काढून ताईची अहिराणी फक्त रागात आणि काळजीत बाहेर येते.

ताईही धुळ्याचीच. तिचं म्हणणं मी उडवून लावू शकत नव्हतो. ६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात एका हॉटेलातल्या बिलाच्या भांडणातून दंगल पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मेले. आमची आई तेव्हा धुळ्याच्या घरात एकटी होती. ताई पुण्याहून तासातासाला फोन करायची. बाहेर संचारबंदी आणि आई सांगायची, "मी बरी आहे, दूध नाहीये फक्त." ऑक्टोबर २००८ च्या दंगलीत तर आम्ही दोघंही इथेच होतो. तेव्हा ताई जे बोलते ते ऐकीव नाही. तिने ते भोगलंय.

मी भाचीला दोन दिवस मागितले. मला इतिहासाचा नाद आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे कुणाला आश्चर्य वाटलं नाही. दोन दिवसांनी तिला जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. धुळे, मालेगाव, भिवंडी, बीड, गडचिरोली... गावाचं नाव ऐकून बदली रद्द करायला धावणारे आणि मुलगी द्यायला नाही म्हणणारे आपल्याकडे भरपूर आहेत.

पहिली गोष्ट. खान्देशची बदनामी आजची नाही, दोनशे वर्षांपूर्वी ती आजच्यापेक्षा कितीतरी वाईट होती. १८०२ मध्ये होळकरांच्या फौजेने हा मुलूख तुडवला. पाठोपाठ १८०३ चा भयंकर दुष्काळ आला. त्यात धुळे पूर्ण ओस पडलं. पूर्ण म्हणजे अक्षरशः, दिवा लावायला माणूस नाही. पुढच्याच वर्षी विंचूरकरांच्या पदरच्या बाळाजी बळवंतांनी गाव पुन्हा वसवलं आणि त्याबद्दल इनामं मिळवली. पण आजूबाजूच्या मुलखात पेंढारी, अरब शिबंदी आणि भिल्लांच्या धाडी चालूच होत्या. रानात वाघ होते आणि सातपुड्याच्या पायथ्याला हिवतापाची भीती होती. शहाण्या माणसाने या भागात पाऊल टाकू नये, अशीच सगळी परिस्थिती.

१८१८ मध्ये खान्देश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्जने कारभाराचं ठाणं म्हणून धुळे निवडलं. १८१९ ला गावात किती लोक होते? २,५०९. घरं ४०१. आज आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या सोसायटीत याहून जास्त माणसं असतात.

आता ब्रिग्जपुढचा प्रश्न बघा. इतक्या बदनाम मुलखात माणसं आणायची कशी? "इथे आता सुरक्षित आहे" असे जाहीरनामे लावून व्यापारी येत नसतो. ब्रिग्जने कचेऱ्या बांधायला लांबून कारागीर आणवले. घर बांधणाऱ्याला जागा दिली, ती भाड्याशिवाय आणि कायमची. पक्कं घर उभं करायला उचल दिली, जुन्या रहिवाशांना दिली आणि परगावाहून आलेल्यांनाही दिली. म्हणजे येण्यात जो धोका होता, त्याचा काही भाग सरकारने स्वतःच्या अंगावर घेतला.

माणसं आली. १८७२ मध्ये धुळ्याची वस्ती १२,४८९ होती. त्रेपन्न वर्षांत जवळपास पाचपट. त्याच १८७२ मध्ये पांझरेला मोठा पूर आला, घरादारांचं फार नुकसान झालं, तरी गाव हललं नाही. २०११ च्या जनगणनेत धुळे शहर पावणेचार लाखांचं होतं. आज आपण ज्यांना "मूळचे धुळेकर" म्हणतो, त्यातल्या अनेकांचे पूर्वज बदनामी ऐकूनही आलेले लोक आहेत.

इथे एक खबरदारी. १८१८ च्या आधीच्या खान्देशाचं जे काळंकुट्ट चित्र आपण वाचतो, ते बरचसं इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेलं आहे. "आम्ही यायच्या आधी इथे अंधार होता" हे सांगण्यात त्यांचा फायदा होता. दुष्काळ खरा, लूट खरी, ओस पडलेली गावं खरी. पण त्याच इंग्रजांनी फेब्रुवारी १८१८ मध्ये थाळनेरचा किल्ला घेतल्यावर किल्लेदाराला फासावर लटकवलं आणि आतली शिबंदी कापून काढली. बदनामी वाचताना ती कोणाच्या हातची आहे, हे आधी बघावं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. तेव्हाच्या बदनामीत "खान्देश" हा शब्द निम्मा "भिल्ल" या शब्दासारखाच वापरला जायचा. भिल्ल म्हणजे लुटारू, एवढंच. पण हेच भिल्ल आधी गावोगावचे जागले होते. घाट राखायचे, गाव राखायचे, त्याबद्दल त्यांचे ठरलेले हक्क होते. लढाया, मोडलेला कारभार आणि दुष्काळ यांत ते हक्क बुडाले. राखणदाराची भाकरी बंद झाली आणि मग राखणदारच धाडी घालू लागला. सुरुवातीला इंग्रजांनी फौजा पाठवून बघितलं, जमलं नाही. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम नावाच्या बावीस वर्षांच्या लेफ्टनंटने त्यांच्यात राहून, त्यांच्याबरोबर शिकार करून भिल्ल पलटण उभी केली. धरणगाव हे तिचं ठाणं. म्हणजे ज्यांच्या नावाने हा मुलूख बदनाम होता, त्यांच्याच हातात राखण परत दिली. यात इंग्रजांचा स्वार्थ होताच. पण "लुटारू" हा शिक्का आणि त्यामागचं कारण या वेगळ्या गोष्टी असतात, हे यातून दिसतं.

आता जळगावकडे येतो, नाहीतर आमचे जळगावकर म्हणतील की स्वतःचं झाकून ठेवलं. १८६० च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचा भाव चढला आणि जळगावची पेठ वाढली. १९०६ मध्ये खान्देशचे दोन जिल्हे झाले. पश्चिमेचं ठाणं धुळे राहिलं, पूर्वेचं जळगाव झालं. सोनं, केळी, कापूस ही चांगली ओळख. दुसरी ओळखही आहे. ७ मे १९७० ला भिवंडीत दंगल झाली, दुसऱ्या दिवशी जळगावात. न्यायमूर्ती मादन आयोगाने दोन्हींची चौकशी केली. १९९४ मध्ये इथलं लैंगिक शोषणाचं प्रकरण बाहेर आलं. ३१ ऑगस्ट २०१९ ला घरकुल घोटाळ्यात ४८ जण दोषी ठरले, आणि तो निकाल दिला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने. अपिलं पुढे उच्च न्यायालयात गेली.

१९९४ चं मला चांगलं आठवतं. अत्याचार मुलींवर झाला होता. पण बाहेरगावी लग्नाच्या बैठकीत खाली मान घालायची वेळ कोणावर आली? जळगावच्याच मुलींवर. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं स्थळ "मुलगी जळगावची आहे ना" एवढ्या एका वाक्यावर मागे फिरलं. ती पोरगी त्या प्रकरणाच्या गावीही नव्हती.

इथे माझा मुद्दा येतो. बदनामी सगळ्या गावाची होते, पण तिची किंमत सगळे सारखी देत नाहीत. १८२० च्या आसपास ती भिल्लांनी दिली. १९९४ नंतर मुलींनी दिली. २०१३ मध्ये गोळ्या लागलेल्या पोरांच्या घरांनी दिली. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते आठवा. "मुलं पळवणारी टोळी फिरतेय" ही अफवा मोबाईलवरून फिरत होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. गावाबद्दलची अफवा फार तर बदली रद्द करायला लावते. माणसांबद्दलची अफवा जीव घेते. आणि दोन्ही चालतात एकाच पद्धतीने : कोणीतरी सांगितलं, मी पुढे पाठवलं.

म्हणून भाचीला म्हणालो, "धुळे वाईट आहे का" हा प्रश्नच सोडून दे. वेगळं विचार. जे ऐकलंस ते कधीचं आहे? कोणाच्या बाबतीत झालं? त्याचं कारण अजून जिवंत आहे का? आणि त्यातलं तुझ्या वाट्याला किती येणार?

उन्हाळा खरा आहे, दरवर्षीचा आहे, तुझ्या वाट्याला शंभर टक्के येणार. कूलर घे. पाणी हा खरा प्रश्न आहे. घर बघताना भाडं नंतर विचार, नळाला किती दिवसांनी पाणी येतं ते आधी विचार. दंगली खऱ्या आहेत आणि मी खोटा दिलासा देणार नाही, तणाव पुन्हा होऊ शकतो. पण दंगलीत मरण कोणत्या वस्तीत जातं हे मागच्या वेळी दिसलं, आणि बँकेत नोकरी करणाऱ्या, तीन वर्षांनी बदली मागू शकणाऱ्या माणसाच्या घरी ते क्वचित जातं. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. तुला निघून जाता येतं. ज्यांना येत नाही, त्यांच्यासाठी ही बदनामी जड आहे.

मग तिला आणखी एका पोस्टिंगची गोष्ट सांगितली. १८८४ मध्ये म्हैसूरकडचा एक तरुण इंजिनिअर मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागला. सुरुवातीच्या नेमणुकांमध्येच खान्देश वाट्याला आला. भर पावसाळ्यात पांझरेच्या पाटावर पाइपाचा सायफन बांधायचं काम मिळालं. पुराने काम अडवलं, तरी पूर्ण करून दाखवलं. ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. (धुळ्याच्या सरळ, नंबर घातलेल्या गल्ल्या त्यांनीच आखल्या असं गावात सगळे सांगतात. नवं गाव वसायला सुरुवात त्यांच्या जन्माच्या चाळीस वर्षं आधी झाली होती. पण धुळेकराशी यावर वाद घालू नये, मी घालून बघितलाय.)

इतिहासाचार्य राजवाडे शेवटच्या काळात धुळ्यात राहिले, ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच गेले, आणि त्यांच्या दप्तरासाठी लोकांनी १९२७ मध्ये संशोधन मंडळ उभं केलं. मी तिथल्याच कागदांवर वाढलो. विनोबांनी १९३२ मध्ये गीतेवरची प्रवचनं धुळ्याच्या तुरुंगात दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. अर्थात ते दोघं काही स्वखुशीने आले नव्हते. पण बघ, सक्तीच्या पोस्टिंगमध्येही काय काय होऊ शकतं.

भाची हसली. ताई हसली नाही. तिने फोन घेतला आणि म्हणाली, "इतिहास राहू दे. तिला काही झालं तर?" मी म्हटलं, "ताई, पुण्यात काही होणार नाही याची लेखी हमी आहे का तुझ्याकडे?" ती गप्प झाली. मीही झालो, कारण ते उत्तर जिंकणारं होतं, समजूत घालणारं नव्हतं. मग म्हणालो, "जळगावहून दोन तासांवर आहे. मी आहे."

भाची रुजू झाली. आठ दिवसांनी मेसेज आला : "मामा, खोली मिळाली. गल्ली लगेच सापडली, नंबर आहे ना. पाणी विचारून घेतलं. एक सांग, घरमालकीण विचारत होत्या, पुण्यात ती कोयत्यावाली पोरं फिरतात म्हणे, तिथे तुम्ही राहता कसे?"

तो मेसेज मी जसाच्या तसा ताईला पाठवला. अजून उत्तर आलेलं नाही.