परग्रहवासी येण्याआधी नागपूरचा इतिहास वाचा

परग्रहावरच्या प्रगत लोकांना हाका मारू नका, असे स्टीफन हॉकिंग यांनी २०१० मध्ये बजावले आणि दाखला कोलंबसाचा दिला. मित्रांनो, इतके लांब कशाला जायचे?

नागपूर वसवले देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदने. १७३९ मध्ये चांद सुलतान वारला, वली शहाने गादी बळकावली, तेव्हा राणीने रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावले. मदत मिळाली. १७४३ मध्ये राज्यच भोसल्यांचे झाले आणि गोंड राजा उरला नावापुरता, पेन्शनवर! पुढे अप्पासाहेब भोसल्यांनी १८१६ मध्ये इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. दुसऱ्याच वर्षी सीताबर्डीची लढाई झाली. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले.

हाक मारणारे दोन्ही वेळा राजवाड्यातलेच. गोंड शेतकऱ्याला, गावकुसाबाहेरच्या महाराला कोणी विचारले होते?

१९७४ मध्ये आरेसिबोहून अवकाशात संदेश गेला, तोही मूठभर शास्त्रज्ञांनी ठरवून, साऱ्या मानवजातीच्या नावाने. उद्या उत्तर आलेच, तर बोलणीला कोण बसणार? बाबासाहेबांनी ऑगस्ट १९३० मध्ये नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी रेट्टमलई श्रीनिवासन यांच्यासह लंडनच्या गोलमेजावर स्वतः जाऊन बसले. इंग्रजांनी अस्पृश्यता घालवायला काय केले, हा सवाल त्यांनी तिथे इंग्रजांच्याच तोंडावर टाकला.