शेतखाना, डुक्कर आणि पाणी

चीनमधील हान राजवटीच्या (इ. स. पू. २०६ ते इ. स. २२०) थडग्यांतून निघालेल्या मातीच्या प्रतिकृतींत एक नमुना वारंवार आढळतो: भिंतीनें वेढलेलें आवार, आंत डुक्कर, आणि कोपऱ्याला चढून जाण्याजोगी उंच खोली. ही खोली शेतखान्याची असून तिच्या तळाचें भोंक आवारांत उघडतें. कोणास ही थट्टा वाटेल. पण मृताच्या परलोकींच्या संसारासाठीं धान्याचें कोठार व विहीर यांच्या जोडीला ठेवलेली ही मालमत्ताच होय.

लेखी पुरावाहि याशीं जुळतो. शु शेन याच्या इ. स. १०० च्या सुमाराच्या कोशांत 'हुन' या अक्षराचा अर्थ शेतखाना असा देऊन, वेढ्यांतील डुक्कर अशी त्याची आकृति सांगितली आहे. इ. स. पू. ८० मध्यें येनच्या राजवाड्यांतील डुकरांनीं 'हुन'मधून बाहेर पडून मुदपाकखान्याची चूल मोडली, अशी अपशकुनाची नोंद हानांच्या इतिहासांत आहे. अपशकुन कोणीं मानो वा न मानो, 'हुन' राजवाड्यांतहि होता एवढें त्यावरून ठरतें. आपल्याकडे मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत अभक्ष्य म्हणून सांगितलेल्या गांवडुकराचें नांव 'विड्वराह' आहे. त्यांतील 'विट्' म्हणजे विष्ठा. चिनी अक्षर जें चित्रानें सांगतें तेंच हा समास सांगतो. एकानें त्या प्राण्याला घराशीं जोडलें, दुसऱ्यानें पानांतून उठविलें, इतकाच भेद.

या व्यवस्थेंत मैला वाहून नेण्यास पाणी लागत नव्हतें. सहाव्या शतकांतील ज्या स-श्ये याच्या कृषिग्रंथांत डुकराचें आवार लहान असावें, चिखल त्याला उन्हाळ्यांत गारवा देतो, मात्र पावसाबर्फापासून आडोसा हवा, असें सांगितलें आहे. घाम फारसा न येणाऱ्या या प्राण्याची ती अचूक पारख होय. मळ माती व पेंढ्याशीं मिसळून शेतांत जाई. सोनखताचें मोल तेथें पुढेंहि टिकलें: १९०८ मध्यें शांघायच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीनें मैला उचलण्याचा मक्ता ३१,००० सुवर्ण डॉलरांहून अधिक रकमेस विकला, असें किंग या अमेरिकन कृषिशास्त्रज्ञानें नमूद केलें आहे.

या पद्धतीचें नुसतें गुणगान करणें मात्र बरोबर नाहीं. मनुष्याच्या पोटांतील पट्टकृमीचीं अंडीं मैल्यावाटे डुकरांत व त्याच्या मांसावाटे पुन्हां मनुष्यांत जातात. हें चक्र युरोपांत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रयोगानें सिद्ध झालें.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंत हजारों डुकरें एका छपराखालीं आलीं आणि मळ पाण्यानें धुऊन उघड्या तळ्यांत सोडण्याची रीत पडली. जो पदार्थ टोपलींतून शेतांत जाई, त्याला आतां बांध घालून अडवावें लागलें. जून १९९५ मध्यें उत्तर कॅरोलिनांतील असा एक बांध फुटून सुमारें अडीच कोटी गॅलन मळपाणी न्यू नदीकडे गेलें व असंख्य मासे मेले. डुक्कर तेंच होतें. पाण्यानें त्याच्या मळाचें खतपण घालवून त्याला पूर बनविलें.

गोमंतकांतहि डुकरांशीं जोडलेले शेतखाने अलीकडेपर्यंत होते. नळाचें पाणी व मलकुंडें आल्यावर ते झपाट्यानें नाहींसे झाले. त्यांचीं मोजमापें आतां जुन्या घरांच्या आराखड्यांतच शोधावीं लागतील. ज्यांच्या संग्रहीं असे आराखडे असतील, त्यांनीं परसांतील ही लहानशी चौकट निरर्थक समजून नकलेंतून गाळूं नये.