लिंपायची सोडलेली खिडकी

केदारखेड्याच्या शिवारात काय, सगळ्या भोकरदन तालुक्यात गुरांच्या कोठ्याला तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड नवा नाही. काड्या बांधायच्या, भुसा घालून तुडवलेला चिखल थापायचा, वरून शेणाचा हात. लिंपण गळून आतल्या काड्या दिसू लागल्या की घरधनी ओशाळतो. जपानी चहाघराच्या मातीच्या भिंतीत तेवढा तुकडा मुद्दाम लिंपायचा सोडतात, आतली बांबूची जाळी उघडी ठेवतात. तीच खिडकी. नाव शिताजी-मादो.

गरिबीचं हे सामान हौसेनं मांडलेलं. खोलीचं माप मात्र भारतातल्या एका कथेतून आलं. वैशालीचा गृहस्थ विमलकीर्ती आजारी पडला, बोधिसत्त्व मंजुश्री त्याला भेटायला आला आणि त्या एवढ्याशा खोलीत बत्तीस हजार सिंहासनं मावली. चिनी परंपरेनं ती खोली दहा बाय दहा फुटांची ठरवली. जपानीत त्या मापाला ‘होजो’ म्हणतात. झेन मठात ती मठाधिपतीची खोली झाली. 1212 मध्ये कामो नो चोमेईनं तेवढ्याच झोपडीत राहून पुस्तक लिहिलं, त्याचं नावही ‘होजोकी’. पुढे चहागुरू मुराता जुकोच्या काळात चहाची खोली साडेचार चटयांची झाली, म्हणजे जवळपास तेच माप.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. तिथल्या लोकांच्या दानाचे लेख सांचीच्या स्तूपावर आहेत. म्हणून ही कथाही आपल्याच वाटेनं गेली असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा; विमलकीर्तीची कथा महायानातली, त्या लेखांनंतरची.

नंतरचा चहागुरू सेन नो रिक्यू, त्यानं माप आणखी तोडलं. क्योतोजवळ यामाझाकीला म्योकी-आन मंदिरात ‘ताइ-आन’ आहे, 1582 च्या सुमाराचं, रिक्यूचंच मानलं जाणारं. जागा दोन चटयांची. दार बुटकं. सामुराईनंही तलवार बाहेर टांगून रांगत आत यायचं. रिक्यूचा धनी हिदेयोशी सोन्यानं मढवलेली चहाची खोली मिरवायचा. त्याच्याच हुकमावरून 1591 मध्ये रिक्यूला पोट चिरून मरावं लागलं.

ताइ-आनच्या भिंती काळवंडलेल्या, मातीतल्या पेंढ्याच्या काड्या दिसणाऱ्या. चित्र टांगायच्या कोनाड्यात कोपऱ्यातले खांबसुद्धा मातीनं लिंपून गोलसर झाकलेत. त्या अंधारात दोन चटयांवर बसलं की भिंत कुठे संपते तेच कळत नाही.