लातूर स्थानक

लातूर स्थानक : मूळ स्थानक बार्शी लाइट रेल्वेचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने आखलेली ही अडीच फुटी अरुंद मार्गिका 1897 मध्ये बार्शी रोड (आजचे कुर्डुवाडी) ते बार्शी अशी सुरू झाली आणि 1911 मध्ये निजामी मुलखातल्या लातुरास पोहोचली. वजनाला हलके रूळ आणि दर आसावर पाच टनांच्या आत भार, हे तिचे तंत्र. कमी खर्चात रेल्वे उभी राहिली ती त्यामुळेच. लातूरच्या आडत बाजाराला सोलापूर-मुंबईची वाट तिनेच मोकळी करून दिली. 1954 मध्ये ती सरकारी झाली.

रुंदीकरणात जुनी वाट बदलून धाराशिव शहर मार्गावर घेण्यात आले आणि 2008 पर्यंत कुर्डुवाडीशी रुंद मार्ग जोडला गेला. पूर्वेस लातूर रोडमार्गे परळी (व तिथून पुढे नांदेड) आणि बीदरकडे वाटा फुटतात. स्थानक मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येते, तर नांदेड दक्षिण मध्य रेल्वेचे विभागीय ठाणे आहे. मुंबईची रात्रीची गाडी ही लातूरकरांची सर्वांत जिव्हाळ्याची सेवा.

एप्रिल 2016 मधील दुष्काळात लातूरला पाणी आणणाऱ्या पाणीगाडीचा उल्लेख इथे टाळता येणार नाही. मिरजेहून आलेल्या पहिल्या गाडीला दहा टाक्या होत्या, प्रत्येकीत सुमारे 50 हजार लिटर पाणी. पुढे टाक्या पन्नास झाल्या. ते पाणी स्थानकाजवळच्या विहिरीत सोडून शुद्धीकरणासाठी उपसले जाई.