जांगड माल, व्ही. पी. आणि परतीचा खर्च

व्यापाराचा इतिहास लिहितांना माल कोठून आला, कोणत्या वाटेनें आला आणि काय भावानें विकला गेला याची चौकशी पुष्कळ होते. परंतु घेतलेला माल पसंत पडला नाहीं तर तो परत कसा जात असे आणि त्या परतीचा खर्च कोण सोशी, याकडे लक्ष क्वचितच जातें. गिऱ्हाइकाच्या दृष्टीनें पाहतां हा प्रश्न भावापेक्षां कमी महत्त्वाचा नाहीं. हल्लीं मोबाइलवरून माल मागविण्याची चाल खेड्यापाड्यांतून पसरली आहे, आणि ‘न आवडल्यास परत करा’ हें आश्वासन प्रत्येक वस्तूच्या चित्राखालीं वाचावयास मिळतें. ही सोय फुकट आहे असा सर्वसाधारण समज आहे. तो कितपत खरा, हें पाहण्यासाठीं मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या परभणी जिल्ह्याचें उदाहरण घेणें सोयीचें होईल. कारण अंतर जितकें अधिक, तितका हा खर्च स्पष्ट दिसूं लागतो.

मराठींत ‘जांगड’ असा एक जुना व्यापारी शब्द आहे. माल घरीं न्यावयाचा, घरच्या माणसांस दाखवावयाचा, पसंत पडेल तेवढा ठेवावयाचा व बाकीचा बोलल्या मुदतींत परत करावयाचा, अशा बोलीनें दिलेला माल तो जांगड माल. लग्नसराईंत लुगड्यांचे गठ्ठे या रीतीनें घरोघर जात व निवड झाली म्हणजे उरलेले परत येत. ही चाल आपल्याकडे सर्वत्र होती, आणि सेलू-मानवतसारख्या पेठांच्या मुलखांत तिचें स्वरूप निराळें असण्याचें कारण नाहीं. या व्यवहारांत परतीचा खर्च म्हणजे दुकानापर्यंतची एक फेरी. माल नेणारा कोण, त्याचें घर कोणतें, हें दुकानदारास ठाऊक असे. आणि माल बदलून दिला नाहीं तर गांवांत बोभाटा होईल, हें भय दुकानदारासही असे. दोन्ही पक्ष एकमेकांच्या आटोक्यांत होते, हेंच या पद्धतीचें खरें बळ होय.

परंतु जुन्याचें कौतुक करतांना त्याची दुसरी बाजू झांकून ठेवूं नये. जांगड मिळे ती पत असलेल्यास. ज्याच्या नांवावर जमीन नाहीं, ज्याचा वाडा नाहीं, जो मजुरीवर पोट भरतो, त्याच्या हातीं लुगड्यांचा गठ्ठा विश्वासानें कोण देणार? जातीच्या भिंती जेथें उंच होत्या तेथें कित्येकांस दुकानाच्या पायरीवरूनच माल घ्यावा लागे, मग तो घरीं नेऊन पसंत करण्याची गोष्ट दूरच. तेव्हां परत करण्याचा हक्क हा त्या काळीं हक्क नव्हता. ती ओळखीच्या माणसास दिलेली सवलत होती.

ओळखीची ही अट मोडण्याचें काम टपालानें केलें. हिंदुस्थानांत व्हॅल्यू पेएबल पद्धत, म्हणजेच आपली व्ही. पी., १८७७ सालीं सुरू झाली आणि १८८० मध्यें मनिऑर्डरीचें काम पोस्टाकडे आलें. पुढें १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादेस जाणारा रेल्वेचा फांटा परभणीवरून गेला, व मुंबईच्या पेढीचें पार्सल या भागांत येण्याची वाट मोकळी झाली. औषधें, घड्याळें, पुस्तकें, मासिकांची वार्षिक वर्गणी, सारें व्ही. पी. नें येऊं लागलें. पोस्टमनाच्या हातीं पैसे ठेवले कीं पार्सल आपलें. विकणाऱ्यास घेणाऱ्याची पत पाहण्याचें कारण उरलें नाहीं, आणि न पाहिलेल्या दुकानदारास आगाऊ पैसे पाठविण्याचें भय घेणाऱ्यासही उरलें नाहीं.

मात्र परभणी त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होती, आणि त्यामुळें येथील गिऱ्हाइकाच्या माथीं आणखी कांहीं खर्च बसत. संस्थानाचें टपालखातें स्वतंत्र होतें, १८६९ पासून त्याचीं स्वतःचीं तिकिटें निघत; बाहेरच्या मुलखाशीं होणारा व्यवहार इंग्रज सरकारच्या पोस्टांतून चाले. नाणेंही वेगळें. मुंबईची जाहिरात कलदार रुपयांत छापलेली, आणि परभणीच्या माणसाच्या कनवटीला हाली शिक्का. १०० कलदारास ११६ रुपये १० आणे ८ पै हाली हा पुढें रूढ झालेला दर. म्हणजे जाहिरातींत ६ रुपये वाचलेल्या वस्तूस येथें ७ मोजावे लागत. शिवाय संस्थानच्या हद्दींत येणाऱ्या मालावर करोडगिरी खात्याची जकात असे. तिचा सामान्य दर शेंकडा ५ होता. यांत जाहिरातीच्या तळाशीं बारीक टाइपांत छापलेले ‘डाकखर्च निराळा’ हे दोन शब्द मिळविले म्हणजे छापील किंमत आणि खरी किंमत यांत केवढें अंतर पडे, याची कल्पना येईल.

आणि हें सर्व माल चांगला निघाला तर! व्ही. पी. चा नियम असा कीं पैसे आधीं द्यावयाचे व पार्सल मागाहून उघडावयाचें. पार्सल घेण्याचेंच नाकारलें तर तें पाठविणाराकडे परत जाई व टपालखर्चाचा भुर्दंड त्यास बसे. पण एकदां सोडवून घेतल्यावर आंत चिंध्या निघोत कीं बंद पडलेलें घड्याळ निघो, परत पाठविण्याचें टपाल गिऱ्हाइकानें सोसावयाचें, पत्रें गिऱ्हाइकानें लिहावयाचीं आणि उत्तराची वाटही त्यानेंच पाहावयाची. न मागविलेल्या वस्तू व्ही. पी. नें पाठवून पैसे उकळणारेही निघाले. त्यामुळें पोस्टाच्या कायद्यांत तरतूद करावी लागली ती अशी: खरोखर मागणी आल्यावरूनच हा माल पाठवीत आहों असें पाठविणारानें लिहून द्यावें, आणि लबाडी उघडकीस आल्यास पोस्टानें वसूल झालेली रक्कम अडकवून ठेवून गिऱ्हाइकास परत करावी. १८९८ च्या कायद्याच्या आधारें चाललेली ही व्यवस्था लबाडीपुरती होती; केवळ नापसंतीस तिच्यांत जागा नव्हती.

विकणाराची बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या मासिकांचे संपादक वर्षारंभीं वर्गणीदारांस विनवीत कीं वर्गणी चालू ठेवावयाची नसल्यास आधीं एक कार्ड टाका, पण व्ही. पी. परत करूं नका. त्या विनवणीमागें रडगाणें नसून हिशेब होता. परत आलेल्या प्रत्येक व्ही. पी. मागें कांहीं आणे बुडत, आणि अशा शेंदोनशें व्ही. पी. आल्या म्हणजे लहान मासिकाचा एखादा अंक बुडे. फुकट परत म्हणून कांहीं नसतें. कोणाच्या तरी पेटींतून तो पैसा जातोच.

हा पैसा विकणारानें आपण होऊन सोसावा, ही कल्पना अमेरिकेंत व्यापाराचें साधन म्हणून पुढें आली. शिकागोच्या माँटगोमेरी वॉर्ड यानें १८७२ सालीं शेतकऱ्यांसाठीं टपालानें माल पुरविण्याचा धंदा काढला, आणि १८७५ मध्यें माल पसंत न पडल्यास पैसे परत करण्याची हमी दिली. दूरच्या शेतकऱ्यानें न पाहिलेला माल घ्यावा असें वाटत असेल तर त्याचें भय आधीं दूर केलें पाहिजे, हें त्यानें ओळखलें होतें. परतीचा खर्च त्यानें धर्मादाय म्हणून सोसला नाहीं. तो विक्रीच्या खर्चांत धरला.

आपल्याकडील कायदा या बाबतींत पुष्कळांस वाटतो त्याहून उदार आहे. १९३० चा मालविक्रीचा कायदा आधीं ब्रिटिश हिंदुस्थानांत होता व हैदराबाद संस्थान भारतांत आल्यानंतर तो इकडेही लागू झाला. त्याच्या २४ व्या कलमांत पसंतीच्या बोलीवर दिलेल्या मालाची, म्हणजे आपल्या जांगडाचीच, व्यवस्था सांगितली आहे. ४३ वें कलम तर फारच बोलकें आहे. ज्या गिऱ्हाइकास माल नाकारण्याचा हक्क आहे, त्यावर तो माल विकणाराकडे पोंचविण्याचें बंधन नाहीं. मी हा माल घेत नाहीं एवढें त्यानें कळविलें म्हणजे पुरे. मात्र कलमाच्या आरंभींच ‘अन्यथा ठरलें नसेल तर’ अशी मेख आहे, आणि आजचा सारा व्यवहार त्या मेखेवर उभा आहे. मोबाइलवर ‘मान्य’ या शब्दावर बोट ठेवतांना आपण काय अन्यथा ठरवितों, हें वाचतो कोण?

१५ ऑगस्ट १९७२ रोजीं टपालखात्यानें पिनकोड सुरू केला. तो बसविणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृताचे पंडित होते. पत्रें लवकर लागावींत एवढाच त्या सहा अंकांचा हेतु होता. पण आतां ४३१४०१ हा परभणीचा अंक किंवा जिंतूर, पालम, सोनपेठकडील एखाद्या खेड्याचा अंक टाकल्याबरोबर माल येईल कीं नाहीं, आणि आलेला माल परत नेण्यास माणूस येईल कीं नाहीं, याचा निकाल लागतो. २०१० सालीं फ्लिपकार्ट कंपनीनें माल हातीं आल्यावर पैसे घेण्याची पद्धत सुरू केली व इतरांनींही ती उचलली. ही आपल्या जुन्या व्ही. पी. चीच नात होय. फरक इतकाच कीं परतीचा हक्क आतां पत पाहून मिळत नाहीं. पाथरीच्या शेतमजुराच्या मुलीसही तो मुंबईच्या गृहिणीइतकाच कागदोपत्रीं मिळाला आहे. हा लाभ लहान नाहीं, व तो नाकारणें अन्यायाचें होईल.

पण कागदावरील समानता दारापर्यंत पोंचतांना झिजते. माल परत नेणारा माणूस आज येईल, उद्यां येईल म्हणून घरीं थांबावें लागतें. जो रोजंदारीवर जातो त्याचा एक रोज बुडाला म्हणजे तीनशें रुपयांच्या चपलेचा निम्मा-अधिक सौदा तेथेंच बुडाला. कांहीं पिनकोडांवर परत नेण्याची व्यवस्थाच नसते. मग गिऱ्हाइकानें स्वतः बांधाबांध करावी, तालुक्याच्या पोस्टांत जावें, टपालखर्च भरावा आणि पावती जपून ठेवावी. मूळ वेष्टन फाडलें असेल, चिठ्ठी हरवली असेल, तर तेवढ्यावरून माल नाकारला जातो. पैसे रोख दिलेले असले तरी परत मिळतात ते बँकेच्या खात्यांत, किंवा त्याच दुकानांत खर्चावयाच्या जमेच्या रूपानें. आणि या घोळांत त्रासलेला मनुष्य इंटरनेटवर तक्रारीचा नंबर शोधूं लागला कीं कधीं कधीं भामट्याच्याच हातीं सांपडतो व गुप्त अंक सांगून खातें रिकामें करून बसतो. कित्येक ठिकाणीं तर एकाच वस्तूचे दोन भाव दाखवितात: कोणत्याही कारणानें परत करावयाची मोकळीक हवी असल्यास अधिक, केवळ चुकीच्या किंवा सदोष मालापुरती हवी असल्यास कमी. हा दुसरा प्रकार निदान प्रामाणिक आहे. परतीलाही किंमत असते, हें तो उघड सांगतो. बाकीच्या ठिकाणीं तोच खर्च सर्वांच्या भावांत मिसळलेला असतो, आणि जो कधीं कांहीं परत करीत नाहीं तो इतरांच्या परतीचें भाडें नकळत भरतो. चार दिवस वापरून कपडा परत करणाऱ्या हौशी गिऱ्हाइकांनींही या भाड्यांत भर घातली आहे, हें विसरतां येत नाहीं.

कायद्यानें या बाबतींत पुष्कळ मजल मारली आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें जिल्हा पातळीवर न्याय मागण्याची सोय झाली. परंतु तक्रार प्रतिपक्षाच्या ठिकाणीं किंवा जेथें तक्रारीचें कारण घडलें तेथें करावयाची असे, आणि कारण घडलें कोठें, यावरच वाद माजे. २०१९ च्या कायद्यानें गिऱ्हाईक जेथें राहतो अथवा काम करतो तेथेंच दाद मागण्याची मुभा दिली. म्हणजे बंगळूरच्या कंपनीस आतां परभणीच्या जिल्हा आयोगापुढें उत्तर द्यावें लागतें, आणि पांच लाखांपर्यंतच्या व्यवहारास फी नाहीं. २०२० च्या नियमांप्रमाणें सदोष, नकली, वर्णनाशीं न जुळणारा किंवा सांगितल्या मुदतीनंतर आलेला माल परत घेण्यास विक्रेत्यास नकार देतां येत नाहीं. तक्रारीची पोंच ४८ तासांत व निवारण एका महिन्यांत झालें पाहिजे. इतकेंच नव्हे तर परतीच्या वाहतुकीचा खर्च काय, हेंही स्पष्ट सांगितलें पाहिजे. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनीं फसव्या मांडणीचे १३ प्रकार निषिद्ध ठरविले. त्यांत खर्चाचे आंकडे शेवटपर्यंत लपवून थेंबाथेंबानें वाढविण्याचाही प्रकार आहे. ‘डाकखर्च निराळा’ या जुन्या बारीक टाइपाचाच हा वंशज.

तथापि तीनशें रुपयांच्या मालासाठीं आयोगाची पायरी कोण चढणार? १९१५ या क्रमांकावर सरकारी साहाय्यवाणी आहे, तिचा उपयोग प्रत्येकानें जरूर करावा. परंतु मूळ उपाय तक्रारीच्या आधींच्या क्षणांत आहे. जांगडाच्या व्यवहारांत एक गोष्ट चांगली होती: मुदत किती, परत कोणी आणावयाचें, डाग पडल्यास काय, हें सारें माल हातीं घेण्यापूर्वीं तोंडावर बोललेलें असे. आजच्या दुकानानेंही भावाच्या शेजारींच, तेवढ्याच ठळक अक्षरांत आणि मराठींत, तीन गोष्टी लिहाव्यात: तुमच्या पिनकोडावरून हा माल परत नेला जाईल कीं नाहीं, न नेल्यास टपालखर्च कोणाचा, आणि पैसे किती दिवसांत व कोणत्या रूपानें मिळतील. पिनकोड आधींच विचारून घेतलेला असतो. तेव्हां ही माहिती यंत्राजवळ नाहीं असें नाहीं. आणि ती दिसेपर्यंत गिऱ्हाइकानेंही वस्तूच्या चित्राआधीं या तीन प्रश्नांचीं उत्तरें शोधावींत. न मिळाल्यास सेलूच्या किंवा मानवतच्या बाजारांत तीच वस्तू चार रुपये अधिक देऊन घेणें पुष्कळदां स्वस्त पडेल.